तोंडओळख

पोलंडला परत जाताना मालखाजने मला फोन दिला,
त्याचाच जुना, एका कोपऱ्यात तडकलेला,
आणि ओसरीवर उजेडाकडे बसवलं मला
न्हाव्यापुढे बसवावं तसं.
"देदा, नाक चौकटीत आण. हां. आता तोंड फिरव."
मी फिरवलं, भिंतीकडे.
"तसं नाही गं. सावकाश. मानेने गोल काढ."
एकसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं
ओळख व्हावी म्हणून तोंड फिरवायला.

चौकटीभोवतीच्या रेघा एकेक करून हिरव्या झाल्या.
मग म्हणे, आणखी एक फेरा.
चष्मा? चालतो.
केस अजून पिकले तर? तेही चालतं, हळूहळू पिकले तर.
आणि वीज गेल्यावर?
"अंधारातही ओळखेल. न दिसणारे ठिपके टाकतो तुझ्यावर,
आणि खळगे मोजतो."
खळगे म्हणजे काय काय, ते मी विचारलं नाही.
कुताइसीची गाडी सहाची होती,
पिशवीत अक्रोड अजून भरायचे होते.

मधमाश्यांना माझं तोंड माहीत नाही.
जाळीआडून वीस वर्षं जाते मी त्यांच्यात,
त्या हात हुंगतात, चाल ओळखतात,
घाई केलेली त्यांना आवडत नाही.
लिंडन फुलला त्या आठवड्यात मी घाई केली.
धुपाटणं विझलं, जाळी जरा वर केली,
आणि एक पापणीवर, एक ओठावर,
तिसरी कुठे ते आरशालाही सांगता येईना.
संध्याकाळी डावा गाल म्हणजे
चुलीपाशी फुगायला ठेवलेली कणीक.

फोन उचलून समोर धरला.
कुलूप शहारलं, जागचं हललं नाही.
दिव्याखाली गेले. चष्मा काढला, घातला.
ज्याच्याशी महिनाभर उठबस,
त्याने तोंडावर दार लावावं!
कुंपणापलीकडून ग्रिगोल हसून हसून वाकला :
"माझा कुत्रा बघ, लांबूनच शेपूट हलवतोय."

मग फोनने सहा आकडे मागितले.
मालखाज म्हणाला होता, तुझ्या लक्षात राहतील असेच ठेवलेत.
त्याची जन्मतारीख घातली. नाही.
त्याच्या बापाची. नाही.
बाप गेला तो दिवस.
नाही, आणि आता एक मिनिट थांबा.
छपरावर पत्रे चढले तो दिवस.
पाच मिनिटं थांबा.
थांबले. ओठावर थंड चमचा धरून थांबले.
शेवटी, वाया गेलं तर जाऊ दे म्हणत
माझी स्वतःची घातली,
जी या घरात कुणी कधी धरली नव्हती
हिशेबात.

उघडला.

मी त्याला चेहरा दिसेल असा फोन लावला.
तो गोदामात होता, मागे खोक्यांची भिंत.
क्षणभर नुसता बघत राहिला,
खळगे मोजत असावा.
"देदा?"
"देदा," मी म्हटलं.
आमच्याकडे आई लेकराला त्याच हाकेने बोलावते
ज्या हाकेने लेकरू तिला.
बाहेरच्याला कळत नाही कोण कुणाची आई.

आधी रागावला, मग हसला, मग म्हणाला,
"त्यात आणखी एका चेहऱ्याची जागा असते.
आत्ताच भर, सुजलेला असतानाच."
म्हणून पुन्हा नाक चौकटीत,
पुन्हा मान गोल, एका डोळ्याने,
पाणी गळत होतं ते पुसून.
रेघा हिरव्या झाल्या, जरा उशिराने.

चौथ्या दिवशी सूज उतरली.
आता फोन नेहमीसारखा उघडतो,
अंधारातसुद्धा, गोठ्यातसुद्धा.
पण ती बाई आत आहेच,
एक डोळा मिटलेली, ओठ वाकडा.
तिला पुसायचं कसं ते मालखाजने सांगितलंय.
मी ऐकून घेतलं.
लिंडन काय, पुढच्या जूनमध्येही फुलणार आहे.